हवा गेल्यावर

मोठी स्पर्धा संपली की क्रीडापानांवर जिद्दीच्या कहाण्यांना ऊत येतो. खेळाडू पडला, हाड मोडले, चाकातली हवा गेली, तरी तो उठला आणि जिंकला, असा त्या कहाण्यांचा ठरलेला साचा. डोंगरातल्या चढउतारांवर फेऱ्या मारत धावायच्या क्रॉस-कंट्री सायकल शर्यतीचे खेळाडू या साच्यात फारच चपखल बसतात. दगडाने टायर फाटतो, ओल्या मुळावरून चाक सटकते, चिखलाने चेन अडते, उतारावर हँडल हातातून निसटते. या खेळात काही बिघडले नाही तरच नवल. पण कहाण्या बाजूला ठेवून निकालांकडे पाहिले की एक प्रश्न पडतो. जिद्द १९९० सालच्या खेळाडूकडेही होती आणि २०२४ सालच्याकडेही आहे. मग ज्या बिघाडाने पूर्वी शर्यतीवर पाणी पडत असे, त्याच बिघाडानंतर आज सुवर्णपदक कसे मिळते? या खेळाचा इतिहास चाळला तर उत्तर खेळाडूच्या छातीत कमी आणि नियमपुस्तकात जास्त सापडते. अडल्यावर कोणी मदत करायची, कुठे करायची, किती करायची, हे ठरवणारी कलमे बदलत गेली, तसतसे संकटातून बाहेर पडण्याचे मार्गही कधी बंद झाले, कधी उघडले.

या कलमांचे मूळ डोंगरी सायकलीपेक्षा जुने आहे. १९१३ च्या तूर द फ्रान्समध्ये यूजीन क्रिस्तोफ हा फ्रेंच सायकलपटू पिरेनीज पर्वतातली तूरमाले खिंड चढून उतरू लागला, तेव्हा त्याच्या सायकलीचा पुढचा फोर्क मोडला. एकूण विजेतेपद त्या वेळी त्याच्या आवाक्यात होते. दुसरी सायकल घेण्याची मुभा नव्हती आणि कोणाची मदत घेण्याचीही नव्हती. सायकल खांद्यावर टाकून तो डोंगर उतरत सेंट-मारी-द-कांपां या गावापर्यंत पायी गेला, तिथल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हातांनी फोर्क सांधला आणि पुन्हा वाटेला लागला. यात काही तास गेले. शर्यतीचे पंच भट्टीपाशी उभे राहून पाहत होते. भट्टीचा भाता एका पोराने हलवला म्हणून त्यांनी क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड ठोकला; पुढे तो तीन मिनिटांवर आणला, एवढीच मेहेरबानी. क्रिस्तोफ त्या वर्षी सातवा आला. १९१९ मध्ये, आघाडीवरच्या खेळाडूची पिवळी जर्सी पहिल्यांदाच दिली गेली त्या वर्षी, ती अंगावर असताना त्याचा फोर्क पुन्हा मोडला आणि तो तिसऱ्या क्रमांकावर घसरला. फ्रान्समध्ये तो अमर झाला, त्या भट्टीच्या जागी पुढे पाटीही लागली; पण तूर त्याने कधी जिंकली नाही.

हा नियम पंचांचा निव्वळ आडमुठेपणा म्हणून सोडून देता येत नाही. तूरचा संस्थापक आंरी देग्रांज याला सायकल कारखान्यांची धास्ती होती. कारखान्याने आपल्या माणसाला वाटेवर नवी सायकल, नवे चाक, चार सोबती पुरवले तर जिंकेल तो कारखाना, माणूस नव्हे, असे त्याचे म्हणणे. स्वावलंबनाची सक्ती म्हणजे पैशाच्या जोराला घातलेला बांध होता. मात्र तिची झळ नेहमी खेळाडूलाच लागली, कारखान्याला क्वचितच. फोर्क घडवताना कसर राहिली असेल तर ती कारखान्याची, आणि उन्हातान्हात मैलोन्‌मैल चालला तो क्रिस्तोफ. रस्त्यावरच्या शर्यतींत ही सक्ती पुढे सैल होत गेली आणि खेळाडूंच्या मागे सुटी चाके घेऊन मोटारी धावू लागल्या. सक्ती जिवंत राहिली ती भलत्याच ठिकाणी.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मॅरिन काउंटी आहे. तिथल्या फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरात वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी कच्चे रस्ते काढलेले होते. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी अशाच एका रस्त्यावर उताराची शर्यत लावली. अंतर साधारण ३.४ किलोमीटर आणि तेवढ्यात उतार सुमारे ४०० मीटरचा. सायकली १९३० आणि ४० च्या दशकांतल्या, जाड टायरच्या, भंगारातून उचललेल्या. ब्रेक उलटे पेडल मारून लागणारा. एका उतारातच हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि तळाशी पोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव त्यावरूनच पडले. पहिली शर्यत ॲलन बाँड्सने जिंकली, कारण बाकीचे पडले आणि तो पडला नाही. चार्ली केली शर्यती भरवी आणि घड्याळ धरी. पुढे गॅरी फिशरने ४ मिनिटे २२ सेकंदांची सर्वांत वेगवान वेळ नोंदवली आणि जो ब्रीझ दोन सेकंदांनी मागे राहिला. हे सगळे स्वतःची सायकल स्वतः जोडणारे लोक. ब्रीझने १९७७-७८ मध्ये खास डोंगरासाठी नवी चौकट घडवली, टॉम रिचीने लगोलग त्यात उडी घेतली आणि १९७९ मध्ये फिशर व केली यांनी रिचीच्या चौकटी विकण्याचा धंदा मांडला.

रिपॅक ही उताराची शर्यत होती, क्रॉस-कंट्री नव्हे, हे सांगायलाच हवे. चढ, सपाटी, उतार आणि लांब पल्ला हे मिश्रण दुसरीकडे, कोलोरॅडोत तयार होत होते. १९७६ मध्येच क्रेस्टेड ब्यूट गावच्या मंडळींनी अशाच जुन्या सायकलींवर सुमारे १२,७०० फुटांवरची पर्ल खिंड ओलांडून ॲस्पेन गाठले. १९७८ मध्ये मॅरिनचे लोकही त्या सफरीत सामील झाले. डोंगरी सायकलीच्या पुराणकथेत ही सफर स्वावलंबनाची गंगोत्री मानली जाते. प्रत्यक्षात सामान वाहायला गाड्या बरोबर होत्या आणि रिपॅकच्या माथ्यावरही सायकली ट्रकमधूनच चढत. स्वावलंबन होते ते चाक फिरू लागल्यापासून थांबेपर्यंत. तेवढ्या वेळात मदतीला येणारे कोणी नसे, कारण तिथे यायला दुसरी वाटच नव्हती. मुळात ती गरज होती. पुढे तिचे व्रत झाले, आणि व्रत झाले की सूट मागणारा पापी ठरतो.

१९८३ मध्ये अमेरिकेत नॉर्बा ही संघटना उभी राहिली. शर्यती भरवायच्या तर विमा हवा, विम्याला नियम हवेत, नियमांना संस्था हवी. पंक्चर, तुटलेली चेन, वाकलेले चाक, काहीही असो, खेळाडूने बाहेरची मदत न घेता निस्तरायचे, हे सूत्र तेव्हा लेखी नियमात उतरले. याच काळात युरोपात सायक्लोक्रॉस हा चिखलातला हिवाळी सायकल खेळ जोमात होता आणि तिथे नियम नेमका उलटा होता. ठरलेल्या जागी मेकॅनिक दुसरी सायकल धुऊन तयार ठेवी. खेळाडू अर्ध्या फेरीनंतर सायकल बदली. दोन्ही खेळांत चिखल, चढ, खांद्यावर सायकल. पण बिघाडाचा अर्थ वेगळा. स्वित्झर्लंडचा थॉमस फ्रिश्क्नेख्त सायक्लोक्रॉसमधूनच डोंगरी शर्यतीत आला. एकाच माणसाला एका खेळात चेन तुटली तर दुसऱ्या सायकलवर टांग टाकता येई, दुसऱ्यात गुडघ्यावर बसून कडी जोडावी लागे. त्याची जिद्द काही शनिवारी एक आणि रविवारी दुसरी नव्हती.

या सक्तीने खेळाडूला नुसते पंक्चर काढायला शिकवले असे नाही. तो सायकल कशी चालवतो, तेच तिने ठरवले. ट्यूबच्या काळात डोंगरातले पंक्चर बहुधा काट्याने होत नसे. चाक वेगात दगडाच्या धारेवर आदळले की टायर दबून ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटली जाई आणि तिला शेजारीशेजारी दोन चिरा पडत, सापाच्या दंशासारख्या. हे टाळायचे तर हवा जास्त भरायची. पण हवा जास्त भरली की टायर टणक होतो, खडीवर उड्या मारतो, ओल्या वळणावर पकड सोडतो. कमी हवेत पकड आणि वेग, जास्त हवेत निर्धास्तपणा. हा सौदा प्रत्येक खेळाडूला सुरुवातीच्या रेषेवर उभे राहण्यापूर्वीच करावा लागे, आणि मदत मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळे तो बहुधा निर्धास्तपणाच्या बाजूला झुके. खिशात एक-दोन ट्यूब, पंप, चेन जोडायचे हत्यार. त्यांचे वजन चढावर दर फेरीला मोजावे लागे. उतारावर थोडा हात राखून चालवण्यात शहाणपण होते. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. पुरुषांची क्रॉस-कंट्री त्याच गावात राहणाऱ्या नेड ओव्हरेंडने आणि महिलांची जूली फर्टाडोने जिंकली. त्या पिढीचे कौशल्य आज चित्रफितीवर पाहणाऱ्याला काहीसे सावध वाटते. तो सावधपणा भित्र्याचा नाही, हिशेबी माणसाचा आहे.

१९९६ मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. अटलांटाजवळच्या कॉन्यर्सला, जुलैच्या उकाड्यात, नेदरलँड्सच्या बार्ट ब्रेंटजेन्सने पुरुषांचे सुवर्ण जिंकले. त्याला सुमारे २ तास १७ मिनिटे लागली. हे आकडे पुढे ओळीने मांडून पाहावेत. अथेन्स २००४ ला ज्युलियँ अब्सालॉं सुमारे २ तास १५ मिनिटे. बीजिंग २००८ ला तोच, १ तास ५६. लंडन २०१२ ला यारोस्लाव कुल्हावी, १ तास २९. टोकियोला आणि पॅरिसला टॉम पिडकॉक, १ तास २५ आणि १ तास २६. शर्यत पाऊण तासाहून जास्त आखडली. फेरी लहान झाली, प्रेक्षक आणि कॅमेरे वाटेच्या कडेला आले, तिथे माणसांनी रचलेले दगड आणि उड्या आल्या. दोन तास चालणाऱ्या शर्यतीत ट्यूब बदलण्यात गेलेली काही मिनिटे भरून काढण्याची अंधुक तरी आशा असे. दीड तासाच्या, सेकंदांवर ठरणाऱ्या शर्यतीत तेवढ्या मिनिटांनी खेळ खलास. जुनी सक्ती तशीच राहिली असती तर दूरचित्रवाणीसाठी आखलेल्या शर्यती एका धारदार दगडापाशी संपल्या असत्या, आणि ते ना प्रायोजकांना परवडत होते ना ऑलिंपिक समितीला.

म्हणून या शतकाच्या पहिल्या दशकात आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने, यूसीआयने, बांध थोडा फोडला. खाणेपिणे देण्यासाठी फेरीत राखून ठेवलेल्या जागी तांत्रिक मदतही चालेल असे ठरले. तिथे मेकॅनिक उभा राहील, चाक बदलेल, चेन बदलेल, सायकलचा कोणताही भाग बदलेल, फक्त चौकट नाही. अख्खी सायकल बदलायची नाही आणि सुरुवातीला हँडलवर लावलेली क्रमांकाची पाटी शेवटच्या रेषेवरही तीच हवी. वाटेवर इतरत्र मदत घ्यायची तर आपल्याच संघातल्या सहकाऱ्याची. आणि ती जागा मागे राहून गेली असेल तर वाटेवरून उलटे फिरायचे नाही; हवा गेलेल्या चाकावर उरलेली फेरी रखडत पूर्ण करायची. सायक्लोक्रॉसची सढळ मदत आणि देग्रांजची सक्ती यांच्या मधली ही तडजोड आहे. तिने बिघाडाला प्रथमच भूगोल दिला. पंक्चर किती मोठे, यापेक्षा ते मदतीच्या जागेच्या अलीकडे किती झाले, हे महत्त्वाचे ठरू लागले. यूसीआय हा भूगोल किती काटेकोरपणे सांभाळते याचा नमुना पॅरिसच्या महिलांच्या शर्यतीत दिसला. अमेरिकेची हेली बॅटन शेवटच्या फेरीत मदतीच्या पट्ट्यातून गेली, पण तिने तिथे ना बाटली घेतली ना दुरुस्ती करून घेतली. तिला ५०० स्विस फ्रँकचा दंड झाला. रौप्यपदक मात्र राहिले.

२९ जुलै २०२४ रोजी, पॅरिसजवळच्या एलाँकूर टेकडीवर, पिडकॉक आठ फेऱ्यांच्या शर्यतीत चौथ्या फेरीवर आघाडीत असताना त्याच्या पुढच्या चाकातली हवा गेली. मदतीच्या जागी चाक बदलून निघेपर्यंत सुमारे ४० सेकंदांची पिछाडी पडली होती. मग त्याने एकेकाला गाठले, शेवटच्या फेरीत झाडीतल्या अरुंद वाटेवर फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीच्या बाजूने आत घुसला आणि नऊ सेकंदांनी जिंकला. घरच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, ते स्वाभाविकच. दोनच आठवड्यांपूर्वी कोविड झाल्यामुळे त्याने तूर द फ्रान्स सोडली होती, हे जमेस धरले तर पराक्रम आणखी मोठा. पण हाच खेळाडू, हेच पंक्चर, हेच पाय, अटलांटाच्या नियमांखाली ठेवून पाहा. टायर स्वतः काढा, ट्यूब घाला, पंप मारा, आणि मग पदकाची आशा सोडून उरलेल्या फेऱ्या मारा. नऊ सेकंदांचा विजय त्या हिशेबात बसत नाही.

इथे जाणकार वाचक मला अडवेल, आणि त्याने अडवावेच. मदतीची जागा लंडनमध्येही होती आणि रिओ ऑलिंपिकमध्येही. लंडनला दोन वेळचा विजेता अब्सालॉं सुरुवातीलाच पंक्चर होऊन मागे पडला आणि त्याने शर्यत सोडली. रिओला पेटर सागान हा रस्त्यावरचा विश्वविजेता सर्वांत मागच्या रांगेतून निघून पहिल्या तिघांत पोचला होता. मग एक पंक्चर, पाठोपाठ दुसरे, आणि शेवटी ३५ वा क्रमांक. पॅरिसलाच आदल्या दिवशी नेदरलँड्सची पुक पिटर्से दुसऱ्या स्थानावर असताना तिचे चाक पंक्चर झाले आणि ती चौथी आली. नियम सगळ्यांना तोच, तरी सोने एकालाच. मग ही जिद्दच नाही का? माझे उत्तर असे की नियम विजय देत नाही, विजयाची शक्यता उघडी ठेवतो. ती शक्यता कोणाला साधेल हे पायांवर, डोक्यावर आणि त्या जागेपासूनच्या अंतरावर ठरते. अब्सालॉंकडे जिद्द कमी होती असे म्हणायला कोणी धजणार नाही. एवढी पदके जिद्दीशिवाय येत नाहीत. म्हणजे जिद्द अब्सालॉं आणि पिडकॉक यांच्यातला फरक सांगू शकत नाही, आणि जी गोष्ट फरक सांगत नाही ती कारण म्हणून फार उपयोगी नसते. शिवाय मधल्या काळात टायर बदलले, हेही विसरू नये. १९९९ च्या सुमारास बाजारात आलेल्या ट्यूबलेस चाकांनी आणि आतल्या चिकट द्रवाने चिमटून होणारी पंक्चरे कमी केली. पण हात राखायचे कारण कमी झाले तसे खेळाडूंनी हवाही कमी केली. ट्यूबच्या काळात ३५-४० पीएसआय भरणारे आता २० च्या आसपास धावतात. सोय वाढली तेवढाच धोकाही पत्करला गेला.

दुसरा आक्षेप जुन्या पंथाचा. त्यांच्या मते मदतीला परवानगी मिळाली तेव्हाच या खेळाचा आत्मा गेला. मेकॅनिक, सुटी चाके, चार माणसांचा ताफा ज्याला परवडतो तोच आता पंक्चरमधून सावरतो. यात तथ्य आहे. सहकाऱ्याकडून वाटेवर चाक घेण्याची मुभा एकाहून अधिक खेळाडू पाठवणाऱ्या देशाला लाभते. एकुलता एक खेळाडू पाठवणाऱ्या देशाला तिचा काडीचा उपयोग नाही. तरीही जुना काळ समतेचा होता हे मान्य करता येत नाही. हलकी चाके, मजबूत टायर, सरावाला मिळणारे महिने तेव्हाही पैसेवाल्या संघांकडेच होते. सक्ती होती फक्त शर्यतीच्या दोन तासांपुरती. पैशाचा जोर रोखण्यासाठी देग्रांजने आणलेले कलम त्याच्याच काळात पैशाला रोखू शकले नव्हते. अमेरिकेतल्या डोंगरात तर ते पैशाला रोखण्यासाठी आलेलेच नव्हते. तिथे ते आले होते आडवाटेच्या एकाकीपणातून, आणि प्रेक्षकांनी गजबजलेल्या, कॅमेरे लावलेल्या चार-पाच किलोमीटरच्या फेरीत तो एकाकीपणा उरला कुठे?

यंत्राचे झाले, शरीराचे काय? इथे माझा युक्तिवाद अवघड जागी येतो, कारण हाडाला मदतीचा पट्टा नसतो. स्वित्झर्लंडची योलांडा नेफ डिसेंबर २०१९ मध्ये सरावात पडली; प्लीहा फाटली, फुप्फुस निकामी झाले, बरगडी मोडली. जून २०२१ मध्ये पुन्हा पडून हात मोडला. पुढच्याच महिन्यात टोकियोला ती एक मिनिटाहून जास्त अंतराने जिंकली. पिडकॉकचेही टोकियोआधी दोनेक महिने गळपट्टीचे हाड मोडले होते आणि शस्त्रक्रिया झाली होती. फ्रान्सची पोलीन फेरॉं-प्रेव्हो मांडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या विकाराने बेजार होती. २०१९ च्या सुरुवातीला शस्त्रक्रिया, त्याच वर्षी विश्वविजेतेपद, आणि लंडन, रिओ, टोकियो या तीन ऑलिंपिकच्या निराशेनंतर पॅरिसला सुवर्ण. स्वीडनची येनी रिसवेड्स २२ व्या वर्षी रिओला जिंकली, मग नैराश्याने खेळापासून दूर गेली, २०१९ मध्ये वर्ल्ड कपची शर्यत जिंकून परतली आणि पॅरिसला कांस्यपदक घेऊन गेली. ही माळ वाचून जिद्दीवर विश्वास बसणारच. पण नेफच्या अपघातानंतर टोकियोचे ऑलिंपिक ठरल्याप्रमाणे जुलै २०२० मध्ये झाले असते तर तिला सात महिनेच मिळाले असते. महामारीने तारीख वर्षभर पुढे ढकलली. एका वर्षाच्या त्या सवलतीचा तिच्या इच्छाशक्तीशी काही संबंध नव्हता.

या माळेत न ओवले गेलेले मणीही मोजायला हवेत. जूली फर्टाडो मुळात अमेरिकेच्या स्कीइंग संघात होती. गुडघ्यांच्या दुखापती आणि शस्त्रक्रियांनी ती वाट बंद झाली तेव्हा ती सायकलकडे वळली आणि पहिली विश्वविजेती ठरली. १९९३ ते १९९५ सलग तीन वर्षे वर्ल्ड कपचे एकूण विजेतेपद तिचेच. एका खेळातून मोडून दुसऱ्यात उभी राहिलेली बाई, म्हणजे जिद्दीच्या लेखकांना आयते सोने. अटलांटाला ती दहावी आली. तिच्या ढासळत्या ताकदीचे कारण ल्युपस हा आजार निघाला आणि तिची कारकीर्द आटोपली. १९९३ ची फर्टाडो आणि १९९६ ची फर्टाडो यांच्यात मनाचा फरक नव्हता. जे सावरले त्यांच्यावर लेख लिहिले जातात, आणि लेखांवरून आपण ठरवतो की सावरणे मनावर असते. न सावरलेल्यांची यादी कोणी छापत नाही, त्यामुळे हा निष्कर्ष कधी तपासलाही जात नाही.

नियमांचे म्हणाल तर, जखमी खेळाडूपर्यंत ते पोचतात ते सुरुवातीच्या रेषेवर. रांगा जागतिक क्रमवारीने लागतात आणि क्रमवारी गेल्या वर्षभरातल्या गुणांवर. हाड मोडून चार महिने घरी बसलेल्याचे गुण गळतात आणि परतल्यावर त्याला मागच्या रांगेत उभे केले जाते. पहिला चढ संपून वाट अरुंद झाली की पुढे जायला जागा नसते. मागचे लोक सायकल हातात धरून वाट पाहतात आणि तोवर पुढचे निसटलेले असतात. त्यात अजून एक कलम आहे: आघाडीच्या खेळाडूने पहिल्या फेरीला घेतलेल्या वेळेच्या ८० टक्क्यांहून जास्त मागे पडणाऱ्याला शर्यतीतून बाहेर काढतात. त्याचे नाव निकालात राहते, क्रमांकही मिळतो, पण उरलेल्या फेऱ्या मारता येत नाहीत. टोकियोत पिडकॉक चौथ्या रांगेतून निघाला होता. त्याला डोंगरी शर्यतींचे गुण कमी होते, कारण वर्षभर तो रस्त्यावर आणि सायक्लोक्रॉसमध्येही धावत होता. तो फट काढून पुढे घुसला, पण तसे साधणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील. २०१८ पासून वर्ल्ड कपमध्ये आदल्या दिवसांतली छोटी शर्यत पुढच्या रांगा ठरवते, त्यामुळे दुखापतीतून परतलेल्याला निदान त्या आठवड्याच्या पायांवर पुढे सरकण्याची एक संधी मिळते. फाटलेल्या टायरसाठी यूसीआयने दोन दशकांपूर्वी जागा आखून दिली. मोडलेल्या हाडासाठी त्यांनी आतापर्यंत दिलेली मुभा एवढीच, आणि ऑलिंपिकमध्ये ती छोटी शर्यत नसतेच.